राइट 'झालं' म्हणजे नेमकं काय झालं? मागाहून होणाऱ्या लेखनाचा निकाल कळवायचा कसा?

काठावर_पास (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

एका साखर कारखान्याच्या ऊस-वजनकाट्यासाठी छोटं यंत्र करतोय. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढली की भरलेलं वजन, ऊस उतरवून परत आली की रिकामं वजन, आणि फरक तेवढा निव्वळ ऊस. यंत्रात मेमरी जेमतेम २५६ केबी, त्यामुळे बारका कर्नल (यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम) मीच लिहिलाय. दोन एसडी कार्डं आणि पावती छापायला एक प्रिंटर. वाचनाची बाजू सुरळीत आहे. गाडी अडलीय ती लेखनाच्या निकालावर.

सध्या एखाद्या टास्ककडून (यंत्रातल्या छोट्या प्रोग्रामकडून) राइटची, म्हणजे 'हे लिही' अशी हाक आली की कर्नल डेटा आपल्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) उतरवून घेतो आणि लगेच 'झालं' म्हणतो. कार्डावर लिहिणं मागाहून. कारण कार्ड मधूनच पाव सेकंद घुम्यासारखं बसून राहतं, आणि त्याची वाट बघत बसलं तर लोडसेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) रीडिंग हुकतात. पण मागाहून केलेलं लेखन फसलं तर ते कोणाला सांगू? हाक मारणारा टास्क 'झालं' ऐकून केव्हाच पुढे गेलेला असतो.

मला सुचलेलं असं: मागची चूक पुढच्या हाकेला परत करावी. किंवा कॉलबॅक द्यावा, म्हणजे टास्कनेच देऊन ठेवलेलं फंक्शन काम संपल्यावर कर्नलने चालवावं. किंवा निकालांची एक रांग ठेवावी, ज्याला हवं त्याने येऊन बघावं. नाहीतर गप्प बसावं आणि कोणी 'पक्कं झालं का?' असं मुद्दाम विचारलं तरच सांगावं, युनिक्स-लिनक्समधल्या एफसिंकसारखं (डेटा डिस्कवर उतरवून निकाल सांगणारी हाक).

तुम्ही काय केलं असतं?

टोपणनाव_सुचेना

शीर्षक वाचून दिवाळी अंकांचा धागा वाटला. 'लेखन केलं, पाठवलं, निकाल कळेना' ही माझी बारा वर्षांची व्यथा आहे. :)

अर्धा_कप_चहा

लिनक्स चालेल असा बोर्ड घ्या की. कोपऱ्यावर गिरणी असताना घरात जातं कशाला मांडताय?

काठावर_पास

@अर्धा_कप_चहा, बोर्ड ठरलाय, बदलणं माझ्या हातात नाही. आणि लिनक्सने तरी हा प्रश्न सोडवलाय का, तेच तर विचारतोय.

वऱ्हाडी_कर्नल

नाही सोडवला बाप्पा. पन्नास वर्षं झाली.

युनिक्सने तुझा शेवटचा पर्याय निवडला. निवडला म्हणण्यापेक्षा त्यात घसरला म्हणू. राइट म्हणजे कर्नलच्या बफरमध्ये नक्कल, डिस्कवर मागाहून. स्वतः केन थॉम्पसनने १९७८ मध्ये युनिक्सच्या अंतरंगाबद्दल लिहिताना कबुली दिलीय की या मागाहून लिहिण्यामुळे चूक कळवणं आणि वापरणाऱ्याने ती धड निस्तरणं जवळपास अशक्य होतं, आणि चुकांच्या बाबतीतला युनिक्सचा बेफिकीरपणा काही अंशी तिथूनच आलाय. करणाऱ्याने इतकं सरळ सांगितल्यावर आपण काहून लपवावं?

आजच्या लिनक्समध्येही नेहमीच्या सेटिंगला बदललेलं पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) साधारण ३० सेकंद मेमरीत मुरू शकते. दर ५ सेकंदांनी एक धागा उठतो (कर्नलचा, आपला नाही) आणि जुनी पानं खाली ढकलतो. ढकलताना डिस्क 'नाही' म्हणाली, तर तोवर मूळ प्रोग्राम जिवंत असेलच असं नाही.

आता तुझ्याबद्दल. निकाल कसा द्यायचा हे राहू दे, आधी 'झालं'चा अर्थ ठरव. कर्नलने घेतलं, हे एक झालं. कार्डाकडे रवाना केलं, हे दुसरं. कार्ड म्हणालं 'मिळालं', हे तिसरं. आणि आत्ता वीज गेली तरी सकाळी जागेवर सापडेल, हे चौथं. तू वचन देतोस पहिलं आणि ऐकणारा समजतो चौथं. सगळी भांडणं तिथली.

आणि मागची चूक पुढच्या हाकेला देऊ नको. थोरल्याचं प्रगतिपुस्तक धाकट्याच्या हातात दिल्यासारखं होते ते. दोन टास्क एकाच फाइलवर लिहीत असले तर कोणाचा मार कोण खाईल?

निवृत्त_यंत्रणा

कर्नलसाहेबांशी सहमत, पण ही पन्नास वर्षं सगळीकडे सारखी गेली नाहीत. मी ऐंशीच्या दशकात व्हॅक्स संगणकांवर काम केलं. त्यांच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वाचन-लेखनाचे अर्ज घेणारी क्यूआयओ नावाची सिस्टिम सर्व्हिस होती. तिला तीन गोष्टी देता येत: एका इव्हेंट फ्लॅगचा क्रमांक, आयओएसबी म्हणजे निकाल लिहायला आपणच दिलेली आठ बाइटची जागा, आणि काम संपल्यावर चालवायचा एएसटी, म्हणजे तुम्ही कॉलबॅक म्हणता तो.

गंमत अशी की हाकेतून लगेच मिळणारा कोड फक्त 'अर्ज घेतला' एवढंच सांगायचा. खरा निकाल आयओएसबीत. दोन्ही तपासायचे असतात हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि तरीही मी पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. आयओएसबी स्टॅकवर ठेवली, फंक्शन संपलं, मग सावकाश निकाल आला आणि त्या जागी आता राहायला आलेल्या भलत्याच व्हेरिएबलवर जाऊन बसला. तीन दिवस प्रोग्राम चाळत होतो. निकाल ठेवायची जागा निकाल येईपर्यंत जिवंत राहिली पाहिजे, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच.

व्हीएमएसच्या रचनेतले डेव्ह कटलर पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि विंडोज एनटीत हेच संस्कार उतरले. तिथे असिंक्रोनस (मागाहून पूर्ण होणाऱ्या) राइटची हाक 'काम चालू आहे' असा वेगळा कोड देते. तो चूक म्हणून मिळतो, पण चूक नसतो. नवख्यांची फजिती ठरलेली. एनटी ३.५ मध्ये, १९९४ साली, कम्प्लिशन पोर्ट आले: अनेक फाइलींचे निकाल एका रांगेत, आणि रांगेपाशी मोजके थ्रेड. धागाकर्त्याचा तिसरा पर्याय हाच.

टोपणनाव_सुचेना

काका, म्हणजे तहसीलमधला 'आवक'चा शिक्का आणि प्रत्यक्ष दाखला यांतला फरक. शिक्का हातोहात मिळतो.

निवृत्त_यंत्रणा

अगदी. आणि घरी येऊन 'काम झालं' सांगणारे दोन्हीकडे सापडतात.

मीनल_डीबीए

एफसिंकचं नाव निघालंय तर २०१८ चं महाभारत सांगायलाच हवं. आम्हा डेटाबेसवाल्यांची त्या वर्षी झोप उडाली होती.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा अनेक वर्षांचा समज असा: चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल डिस्कवर उतरवताना, एफसिंक मारायचं. चूक आली तर चेकपॉइंट फसला म्हणायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा मारायचं. दुसऱ्यांदा यश आलं की सगळं डिस्कवर पोचलं. वरकरणी तुम्हीही हेच कराल.

लिनक्समध्ये घडत होतं ते असं. पान लिहिताना डिस्कने नकार दिला की कर्नल चुकीची खूण ठेवायचा, पण ते पान 'स्वच्छ' (म्हणजे आता लिहायचं बाकी नाही) म्हणून नोंदवून मोकळा व्हायचा. पहिल्या एफसिंकला चूक मिळायची आणि खूण पुसली जायची. दुसऱ्या एफसिंकपुढे लिहायला काही उरलेलंच नसे, म्हणून ते हसतमुखाने 'यशस्वी' म्हणायचं. डेटा कुठेच नाही, आणि डेटाबेस समजतोय की आता जुना लॉग (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) टाकून द्यायला हरकत नाही!

त्यावर कडी म्हणजे ती खूण फाइलमागे एकच होती. जो आधी विचारेल त्याला मिळायची. दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने त्या फाइलवर एफसिंक मारलं तर चूक त्याच्या पदरात आणि पोस्टग्रेस अंधारात. कर्नलच्या ४.१३ आवृत्तीत (२०१७) हे बदललं. चुकीला क्रमांक मिळाला, आणि फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी कळू लागली. तरी एक फट राहिली, चूक घडून गेल्यावर फाइल उघडणाऱ्याचं काय? पोस्टग्रेस फायली सारख्या उघडतं-मिटतं, त्यामुळे नेमके आम्हीच त्या फटीत. ४.१७ मध्ये तीही बरीचशी बुजवली.

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून धोरण उलटं केलं. एफसिंक फसलं की पुन्हा प्रयत्न नाही, सरळ पॅनिक. सर्व्हर पडतो, उठतो आणि लॉगवरून सगळं पुन्हा घडवतो. रागीट वाटेल, पण कर्नल खरं सांगत नसेल तर विचारत बसण्यात काय अर्थ?

धुकटवाट

हे काही पटलं नाही. लिहिता आलं नाही तर पान मेमरीत ठेवा ना मळकंच. 'स्वच्छ' म्हणणं म्हणजे सरळ अफरातफर आहे. फ्रीबीएसडी (युनिक्सच्याच घराण्यातलं) ठेवतंच की.

वऱ्हाडी_कर्नल

ठेवते, हाव. पण दुसरी बाजू ऐक. पोरगं पेन ड्राइव्हवर चार जीबीचा सिनेमा टाकते आणि अर्ध्यात उपसून चालतं होते. ती पानं आता कुठं लिहिशील? ड्राइव्ह परत येणार नाही, पानं मळकी ठेवली तर मेमरी अडकली, आणि मळक्या पानांची मर्यादा गाठली की बाकीच्या निर्दोष प्रोग्रामांची राइटसुद्धा ताटकळते. लिनक्सवाल्यांचा बचाव हाच होता, आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

माझं मत विचारशील तर पान टाकलं ते चालेल. 'टाकलं' हे हरवू द्यायला नको होतं.

रेवदंडा_२

मी बँकेत होतो, मला चेक दिसतो. पेटीत चेक टाकून काउंटरफॉइलवर शिक्का मारला की लोक म्हणतात पैसे भरले. पैसे भरले नाहीत, चेक टाकला. वटला की भरले. न वटलेला चेक कारणाच्या चिठ्ठीसह परत करावा लागतो, आणि ज्याने भरला त्यालाच. शाखेत मागाहून आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात नाही. मीनलताईंच्या गोष्टीत नेमकं तेच झालं.

धुकटवाट

उपमा छान, पण बँकेला चेक परत करता येतो. इथे कर्नलने चेकच फाडून टाकलाय.

टोपणनाव_सुचेना

अवांतर: आमच्याकडे पोच म्हणजे रजिस्टर एडी. ते गुलाबी कार्ड सहीसकट परत आलं की आजोबा तारखेनुसार सुतळीत ओवून ठेवायचे.

रेवदंडा_२

आमच्याकडे तारेवर. आता रजिस्टर पोस्टच २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.

टोपणनाव_सुचेना

तार गेली, रजिस्टर गेलं. दिवाळी अंकांकडून 'साभार परत' यायचं तेही गेलं. आता नुसतीच शांतता.

मीनल_डीबीए

पोस्टाचा धागा वेगळा काढा बरं. :)

गच्चीवरून

'साभार परत'वरून मलाही मुद्दा सापडला, म्हणून पोस्टात थोडा रेंगाळतो.

पूर्वी कथा पाठवताना आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं लागे. संपादकाला लेखकांची वही ठेवावी लागत नसे, निकाल आपल्याच पाकिटातून यायचा. लिनक्सच्या आयओ-युरिंगमध्ये हुबेहूब हेच आहे. हे येन्स अ‍ॅक्सबोने आणलं, कर्नल ५.१ मध्ये, २०१९ साली. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात सामायिक मेमरीत दोन वर्तुळाकार रांगा, एक अर्जांची, एक निकालांची. प्रत्येक अर्जात ६४ बिटांचा एक रकाना असतो. त्यात तुम्ही काय लिहिता याच्याशी कर्नलला कर्तव्य नाही, तो जसाच्या तसा निकालासोबत परत येतो. हे झालं आपलं पाकीट. निकालाची नोंद अवघी १६ बाइटची: तो रकाना, किती बाइट लिहिले किंवा चुकीचा उणे कोड, आणि काही खुणा.

निकाल अर्जांच्या क्रमाने येतीलच असं नाही. हे आधी मान्य करा, नाहीतर रचना चुकते. 'आधी डेटा, मग एफसिंक' असा क्रम हवा असेल तर अर्ज एकमेकांना जोडावे लागतात. पहिला फसला किंवा अर्धाच लिहिला गेला, तर साखळी तुटते आणि पुढचे अर्ज रद्द होऊन येतात.

पण धागाकर्त्याने यात हुरळून जाऊ नये. नेहमीच्या, म्हणजे बफरमधून जाणाऱ्या राइटसाठी आयओ-युरिंगने 'पूर्ण' म्हटलं तरी त्याचा अर्थ पान कर्नलच्या मेमरीत पोचलं, इतकाच! रांग कितीही देखणी असो, कर्नलसाहेबांनी वर मोजलेल्या चारांतलं ते पहिलंच 'झालं'. पाकीट वेळेवर येतं, आत चिठ्ठी 'आवक'चीच असते.

काठावर_पास

@गच्चीवरून, हे वाचून खुर्चीतून उठलो. माझा तीन नंबरचा पर्याय आणि 'पक्कं झालं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत तर. मी त्यांना एकाच यादीत बसवलं होतं.

कॉलबॅकबद्दल कोणीच बोललं नाही?

वऱ्हाडी_कर्नल

कॉलबॅक कोणाच्या ताटात जेवतो ते पाह्य. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून मारलेल्या हाकेत) चालवलास तर त्यात लॉक घेता येत नाही, थांबता येत नाही, आणि कोणी हौशीने त्यातूनच पुन्हा राइट मारली तर स्टॅक फुगत जाते. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातल्या एआयओत (असिंक्रोनस वाचन-लेखनात) निकाल सिग्नलने मागवायची सोय आहे. सिग्नल हँडलरमध्ये साधा मजकूर छापणारं प्रिंटएफसुद्धा सुरक्षित नाही, तिथे माणूस चूक निस्तरणार कशी? इंटरप्टमध्ये फक्त निकाल रांगेत टाक आणि टास्कला जागं कर. बाकीचं त्याने आपल्या सोयीने.

निवृत्त_यंत्रणा

एएसटीला इतकं वाईट बोलू नका, आम्ही त्यावर अख्ख्या यंत्रणा चालवल्या. पण हो, रांग बरी.

अर्धा_कप_चहा

'लिनक्सचा बोर्ड घ्या' हा सल्ला मागे घेतो. मलाही एक जुनं दुखणं आठवलं.

पूर्वीच्या एका नोकरीत रात्रीचा अहवाल एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवर असलेल्या) फोल्डरमध्ये लिहिला जायचा. एका सोमवारी फाइल अर्धवट. प्रोग्रामचा लॉग स्वच्छ, प्रत्येक राइट यशस्वी, शेवटचा कोड शून्य. दोन दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांशी भांडलो. निघालं काय, तर सर्व्हरवरचा आमचा कोटा भरला होता आणि ती चूक आली होती क्लोजच्या (फाइल बंद करायच्या) हाकेला. क्लोजचा परतीचा कोड कोण तपासतं? तेव्हाच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की तो न तपासणं ही सर्रास होणारी पण गंभीर चूक आहे. कोड मीच लिहिला होता, त्यामुळे नेटवर्कवाल्यांना चहा पाजावा लागला.

शिकाऊ_सी

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. एफसिंक पहिल्याच फटक्यात यशस्वी झालं तर डेटा नक्की टिकला ना? वीज गेली तरी?

मीनल_डीबीए

बाळबोध नाही. उत्तर 'कुठे विचारताय' यावर आहे. मॅकवर साधं एफसिंक डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतं, पण ड्राइव्हला स्वतःची कॅश (आतली तात्पुरती मेमरी) रिकामी करायला लावत नाही. त्यासाठी फुल-एफसिंक अशी वेगळी मागणी करावी लागते, आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तिच्यासाठी वेगळी प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) आहे. लिनक्सवर नेहमीच्या फाइलसिस्टिम ड्राइव्हला फ्लश (कॅश रिकामी करायचा हुकूम) पाठवतात. ड्राइव्ह तो पाळतो का, हा त्याच्या इमानाचा प्रश्न. डेटासेंटरच्या बऱ्याच एसएसडींमध्ये वीज गेल्यावर कॅश उतरवण्यापुरते कपॅसिटर असतात, ते उगाच नाहीत.

एसडी कार्डाबद्दल जपून. बिझीची ('कामात आहे' सांगणारी) रेषा सुटली म्हणजे संपलं असं धरू नका, नंतर सीएमडी१३ ही आज्ञा पाठवून स्थिती विचारा. लिहिताना झालेली चूक तिथे दिसते.

धुकटवाट

आणि फसल्यावर काय करायचं? माझ्या मते पॅनिक हे पळवाटेचं उत्तर आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० मध्ये एफसिंकच्या फसण्यावर शोधनिबंध काढला. तीन फाइलसिस्टिम, पाच प्रोग्राम, त्यात पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, रेडिस हे सगळे. एकाचीही पद्धत पुरेशी ठरली नाही. पडून उठल्यावर प्रोग्राम फाइल वाचतो ती कर्नलच्या मेमरीतल्या पानावरून. तिथे नवा डेटा, डिस्कवर जुनाच. वाचणारा म्हणतो सगळं आलबेल.

मीनल_डीबीए

तो निबंध मीही वाचलाय आणि मुद्दा मान्य. पण त्यातून पॅनिक चूक असं निघत नाही, एकटं पुरत नाही इतकंच निघतं. दुसरा पर्याय सांग.

धुकटवाट

ज्याचा डेटा त्यानेच प्रत सांभाळायची. 'टिकलं' कळेपर्यंत बफर सोडायचाच नाही, आणि फसलं तर त्याच जागी डोकं न आपटता दुसरीकडे लिहायचं. पान कर्नलच्या हवाली करून विसरून जायचं आणि मग कर्नलला चोर म्हणायचं, हे मीही वर केलंच.

मीनल_डीबीए

हे चालेल. विशेषतः ज्याच्याकडे दोन कार्डं आहेत त्याला.

काठावर_पास

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये सांगितलीच नाही आणि सगळा गुंता तिचा आहे.

पावती. सध्या राइटने 'झालं' म्हटलं की प्रिंटर वजनाची पावती छापतो. गेल्या हंगामातल्या चाचणीत एकदा असं झालं की पावती शेतकऱ्याच्या खिशात, ट्रॉली गव्हाणीकडे (ऊस उतरवतात तिथे), आणि मागे वीज गेली. उठल्यावर यंत्रात ती खेप नाहीच. शेतकऱ्याकडे कागद, आमच्याकडे काही नाही. काट्याबद्दल लोकांच्या मनात आधीच किती संशय असतो ते सांगायला नको. सुदैवाने चाचणीच होती, जुन्या वहीतही नोंद होती, म्हणून निभावलं.

रेवदंडा_२

मग तुमचा एफसिंक म्हणजे प्रिंटर हो! कागद हातात पडला की शब्द दिला. त्याआधी आत काय वाटेल ते चालू दे.

वऱ्हाडी_कर्नल

झालं की मग. रेवदंडाभाऊंनी एका ओळीत सांगितलं, मी चार परिच्छेद उगाच लिहिले.

प्रत्येक अर्जाला दोन निकाल ठेव. 'घेतलं' लगेच मिळते, त्यावर लोडसेलवाला टास्क पुढे जाईल. 'टिकलं' मागाहून रांगेत येते, दोन्ही कार्डांची सीएमडी१३ साफ आल्यावर. पावती फक्त 'टिकलं'वर. दोन नावं वेगळी ठेव म्हणजे सहा महिन्यांनी तूच गोंधळणार नाहीस.

काठावर_पास

पण पावतीला उशीर होईल. हंगामात काट्यामागे पन्नास-पन्नास ट्रॉल्या उभ्या असतात.

गच्चीवरून

ट्रॉली काट्यावरून उतरायला किती वेळ लागतो? कार्डाच्या पाव सेकंदाची भीती लोडसेलला आहे, ट्रॅक्टरवाल्याला नाही. :) शिवाय दोन-तीन नोंदी साठल्या तर एकदमच लिहा. कार्डाला ५१२ बाइटच्या ठोकळ्यातच लिहायचंय, एकेका नोंदीसाठी वेगळा हेलपाटा कशाला?

मीनल_डीबीए

आणखी एक. निकाल दोनच धरू नका. तिसरा असतो 'माहीत नाही'. कार्ड मुदतीत बोललंच नाही तर ते फसलं असं लिहून मोकळे होऊ नका. ते लेखन नंतर उतरूही शकतं. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक आणि सीआरसी (नोंद शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) द्या. मग 'माहीत नाही' आल्यावर तीच नोंद त्याच क्रमांकाने दुसऱ्या कार्डावर बिनधास्त पुन्हा लिहा. उठल्यावर दोन्हीकडे सापडली तर एक समजायची. शेतकऱ्याचा ऊस दुप्पट होणार नाही.

टोपणनाव_सुचेना

शेतकऱ्याची हरकत नसावी. (ह. घ्या.)

काठावर_पास

असं ठरवतोय: 'घेतलं', 'टिकलं', 'फसलं', 'माहीत नाही'. नावं कोडमध्येही हीच ठेवणार, रोमन स्पेलिंगवरून भांडू नका. एखादं कार्ड फसलं तर लाल दिवा, आणि त्या कार्डाकडे हंगाम संपेपर्यंत पुन्हा जायचं नाही. मग दुसऱ्यावर टिकलं तेच 'टिकलं', पण पावतीवर तशी खूण छापायची. दोन्ही फसली तर पावती नाही, काटा बंद, जुनी वही बाहेर. पॅनिकचा आमचा अवतार.

एकच शंका उरलीय. निकालांची रांगच भरली तर? पावतीचा टास्क कागद अडकून बसलाय आणि इकडे निकाल येतायत. जुना निकाल पुसू की नवा टाकून देऊ?

गच्चीवरून

आयओ-युरिंगलाही हे भोवलंय. निकालांची रांग अर्जांच्या रांगेच्या दुप्पट ठेवूनही ती भरायची, आणि सुरुवातीला जादा निकाल सरळ गळायचे, फक्त किती गळले त्याचा आकडा वाढायचा. ५.५ पासून कर्नल ते बाजूला धरून ठेवतो आणि जागा झाली की देतो. तुमच्याकडे २५६ केबीत बाजूला धरायला जागा कुठून येणार?

वऱ्हाडी_कर्नल

दोन्ही नको. अर्ज घेतानाच त्याच्या निकालाची जागा रांगेत राखून ठेव, ती जागा टास्कने निकाल वाचल्यावरच मोकळी होईल. जागा नसली तर अर्जच घेऊ नको, 'थांब' म्हण. काकांची स्टॅकवरची आयओएसबी आठव.

काठावर_पास

म्हणजे गव्हाणीपाशी जागा नसेल तर ट्रॉली काट्यावर घ्यायचीच नाही. हे आमच्या शेतकी खात्यालाही समजावता येईल. आज रात्री बसतो.

अर्धा_कप_चहा

बसा. आणि क्लोजचा कोड तपासा.

काठावर_पास

माझ्या कर्नलमध्ये क्लोजच नाही. :)